कामावर रुजू होण्याआधीचे तीन आठवडे

माझी रजा संपली तेव्हा लेक पाच महिने आणि एका आठवड्याची होती. 26 आठवड्यांपैकी तीन मी बाळंतपणाआधीच घेतले होते, उरले 23. म्हणजे उष्टावणाला अजून अवकाश होता, पोटात आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मी रोज सकाळी साडेआठला नाशिकरोडहून अंबडच्या एमआयडीसीत जाऊन संध्याकाळी साडेसहाला परतणार. जो तो म्हणायचा, "होईल गं सवय." पण ही सवय करून घ्यावी लागते, आणि तीही घरात असतानाच. किमान तीन आठवडे हाताशी ठेवा.

सुरुवात दूध काढायला शिकण्यापासून करा. पंप घेतला असला तरी हाताने काढता आलंच पाहिजे, कारण पंपाची बॅटरी नेमकी ऑफिसात संपते. हात साबणाने स्वच्छ धुवा, उकळून घेतलेली रुंद तोंडाची स्टीलची वाटी मांडीवर घ्या. अंगठा वर, पहिलं बोट खाली, स्तनाग्रापासून दोन बोटं मागे. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग दोन्ही बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. दाबा, जवळ आणा, सोडा. बोटं कातडीवर घासायची नाहीत, स्तनाग्र ओढायचं नाही. पहिली दोन मिनिटं काहीच येत नाही आणि रडू येतं. तिथे थांबू नका. बाळाचं झबलं जवळ घ्या, त्याचा वास घ्या. थेंब वाटीच्या तळावर टपटप वाजायला लागतात, आणि पान्हा फुटला की एकदम तीन-चार धारा उडतात. पहिल्या दिवशी मला जेमतेम 20 मिली मिळालं. आठव्या दिवशी त्याच वेळेला 70.

ती वेळ म्हणजे सकाळचं पहिलं पाजून झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने. सकाळी दूध जास्त असतं. रोज त्याच वेळी काढलं की शरीर तेवढं जास्त बनवायला लागतं. दूध साठतं म्हणून वाढत नाही, रिकामं होतं म्हणून वाढतं.

साठवण्याचे नियम मी फ्रिजच्या दारावर चिकटवले होते. 25 अंशांपर्यंत बाहेर 4 तास. आमचं स्वयंपाकघर एप्रिलमध्ये त्याहून कितीतरी तापतं, म्हणून मी लगेच फ्रिजमध्येच ठेवायचे. फ्रिजमध्ये 4 दिवस, तेही मागच्या बाजूला, दारात नाही. फ्रीझरमध्ये साधारण 6 महिने. एका डबीत 60 ते 80 मिलीच, वर तारीख, आणि जुनं आधी वापरायचं. गार दूध कोमट पाण्याच्या भांड्यात डबी ठेवून आणायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय आल्यासारखी दिसते, ती हलकेच हलवली की मिसळते. बाळाने तोंड लावलेलं दूध 2 तासांनंतर ठेवायचं नाही. हा नियम सासूबाईंना फार जड गेला. "आईचं दूध ओतून द्यायचं?" म्हणत त्या वाटी हातात धरून उभ्या राहायच्या. म्हणूनच डबीत थोडंथोडं भरायचं.

फ्रीझरमधल्या दुधाला कधीकधी साबणासारखा वास येतो. मी पहिल्या खेपेला नासलं समजून सहा डबे ओतून दिले, अजून हळहळ वाटते. ते नासलेलं नसतं. दुधातल्या लायपेज नावाच्या घटकामुळे तो वास येतो. बाळ पीत असेल तर खुशाल द्या. पीत नसेल तर ताजं काढलेलं दूध गोठवायच्या आधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवा आणि लगेच गार करा.

आता पाजणारं माणूस. आमच्याकडे नवऱ्याच्या लहानपणीचं चांदीचं बोंडलं होतं. बाटलीपेक्षा बोंडलं किंवा वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा आणि कोनाकोपऱ्यात दूध अडकत नाही. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठाला लागेल इतकंच कलतं करायचं. ओतायचं नाही, बाळ जिभेने स्वतः घेतं. मी समोर असताना लेकीने चार दिवस तोंडच उघडलं नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंनी मला सरळ घराबाहेर घालवलं. मी खाली सोसायटीच्या कट्ट्यावर बसून राहिले. वीस मिनिटांनी त्यांनी गॅलरीतून रिकामं बोंडलं उंच करून दाखवलं. आईचा वास आसपास असेल तर बाळ दुसऱ्याच्या हातचं कशाला घेईल? तेव्हा घराबाहेर पडा.

किती दूध लागेल, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. एक ते सहा महिन्यांचं, फक्त आईच्या दुधावरचं बाळ दिवसभरात साधारण 750 ते 800 मिली पितं, म्हणजे तासाला अदमासे 30. मी दहा तासांसाठी 300 मिली ठेवायचे आणि फ्रीझरमध्ये एका दिवसाचं जादा. फ्रीझर भरभरून वाहायला हवा असं काही नाही.

ऑफिसशी बोलणं रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधी करा, आणि लेखी करा. कायदा आपल्या बाजूने आहे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात, बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी होती. आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन 2017 च्या दुरुस्तीने आलं. आमच्याकडे चाळीसेकच माणसं, त्यामुळे पाळणाघर नाही, पण दोन सुट्ट्या हक्काच्या. मी अर्जात तीनच गोष्टी लिहिल्या: अकरा आणि साडेचारची वेळ, आतून कडी लागणारी खोली, फ्रिजमध्ये एक कप्पा. बाथरूममध्ये काढायला सांगितलं तर नाही म्हणा. तिथे कोणी आपला डबा उघडून जेवत नाही, आणि हेही जेवणच आहे. मला रेकॉर्ड रूम मिळाली. जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांमध्ये एक खुर्ची आणि प्लगपॉइंट, एवढं पुरतं.

अकरा, जेवणाची सुट्टी, साडेचार. या तीन वेळा चुकवायच्या नाहीत. मी एकदा चुकवल्या. जीएसटी रिटर्नची 20 तारीख, साहेब उभे, "एवढं संपवून जा." दोन वेळा गेल्या. संध्याकाळी उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ, कातडी लाल, रात्री 102 ताप. अशा वेळी जोरात चोळू नका, मीही आधी चोळलं आणि जास्तच सुजलं. बाळाला त्याच बाजूने पाजत राहा, त्याला काही होत नाही. पाजून झाल्यावर गार पट्टी ठेवा, आणि ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही तर डॉक्टरकडे जा. पुढच्या महिन्यात 20 तारखेला मी अकरा वाजता खुर्ची मागे सारली आणि उठले. रिटर्न वेळेतच गेलं.

रुजू सोमवारी होऊ नका, गुरुवारी व्हा. दोन दिवस काम केलं की रविवार दिसतो, आणि काय चुकलं ते घरात बसून बघता येतं. आमच्याकडे शनिवारी अर्धा दिवस असतो, तोही चालून जातो.

आणि घरी सांगून ठेवा, साडेपाचनंतर बोंडलं काढायचं नाही. रडली तर फिरवा, गॅलरीत न्या, दोन चमच्यांवर भागवा. मी आले की आधी हातपाय धुते, साडी बदलते आणि चहाच्याही आधी तिला घेऊन आडवी होते. आता तिला जिन्यातली पावलं कळतात. कुलपात किल्ली फिरायच्या आधीच आतून हुंकार येतो.