मराठी आणि कन्नड जाणणाऱ्यांसाठी इंग्रजी वाक्याची बांधणी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी माणसाला कन्नड बऱ्यापैकी बोलता येऊ लागते, याचे एक कारण ती बाजारात, बसमध्ये आणि कचेरीत रोज कानावर पडते हे असले, तरी दुसरे कारण व्याकरणात आहे. ‘मी उद्या गावाला जातो’ या वाक्यातील प्रत्येक शब्दाच्या जागी कन्नड शब्द ठेवत गेले, तर ‘नानु नाळे ऊरिगे होगुत्तेने’ असे निर्दोष कन्नड वाक्य तयार होते. मराठी आर्य भाषाकुळातील आणि कन्नड द्राविडी. तरीही दोन्हींत कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी येते, आणि दोन्हींत प्रत्यय नामाच्या मागे लागतात. हीच सवय घेऊन आपण इंग्रजीकडे वळतो, आणि शब्द सगळे पाठ असूनही ‘आय टुमारो व्हिलेज गो’ असे काहीतरी तोंडून निघते. शब्द आणखी पाठ करून हा दोष जात नाही, कारण तो शब्दांचा नसून जागांचा आहे.

मराठीत ‘रामाने रावणाला मारले’ हे वाक्य ‘रावणाला रामाने मारले’ असे फिरवले तरी मेला रावणच, कारण कोणी कोणाला मारले हे ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय नाहीत. ‘राम किल्ड रावण’ यातील दोन नावांची अदलाबदल केली की रामायणच उलटते. क्रियापदाच्या आधी येतो तो कर्ता आणि नंतर येते ते कर्म, एवढ्या एका नियमावर इंग्रजी वाक्य उभे असल्यामुळे क्रियापदाची जागा सर्वप्रथम पक्की करणे आवश्यक असते.

त्यासाठी रीत अशी. मनात आलेल्या मराठी वाक्याच्या शेवटी जावे, तेथील क्रियापद उचलावे, ती क्रिया कोणाची हे स्वतःला विचारावे आणि कर्ता व क्रियापद एकमेकांलगत लिहावेत. उरलेले वाक्य मग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत जावे. ‘मी काल बहिणीबरोबर बसने खानापूरला गेलो’ हे उदाहरण घ्या. कर्ता आणि क्रियापद मिळून ‘आय वेंट’ झाले. आता मागून येताना खानापूरला, बसने, बहिणीबरोबर, काल असा क्रम लागतो. त्याच क्रमाने ‘आय वेंट टू खानापूर बाय बस विथ माय सिस्टर यस्टरडे’ हे वाक्य पुरे होते. ‘खानापूर’च्या मागे लागणारे ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन पुढे आले, हेही त्याच उलट्या चालीचे अंग आहे. प्रत्येक वाक्य इतके नेमके उलटत नाही, आणि ‘यस्टरडे’ वाक्याच्या आरंभीही चालते. परंतु नवशिक्याने पहिले काही महिने हीच चाल धरलेली बरी.

कर्त्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण आपल्याकडील सर्वाधिक चुका मला तेथेच दिसतात. ‘कुठे जाऊलास?’ असे विचारले की समोरचा ‘तू’ क्रियापदातच सामावलेला असतो, त्यामुळे तो वेगळा उच्चारण्याची गरज आपल्याला वाटत नाही, कन्नडातही तेच. इंग्रजीत आज्ञार्थ सोडला तर कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. ‘उद्या येतो’ याला ‘आय विल कम टुमारो’ असेच म्हणावे लागते. क्रियेला खरा कर्ता नसेल, तेव्हा इंग्रजी नावापुरता कर्ता बसवते: ‘पाऊस पडत आहे’ याचे ‘इट इज रेनिंग’ होते, आणि ‘टेबलावर एक पुस्तक आहे’ याचे ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’. या ‘इट’ला आणि ‘देअर’ला मराठीत प्रतिशब्द शोधू नये, कारण ते केवळ जागा भरण्यासाठी आलेले असतात.

‘मला भूक लागली आहे’ किंवा ‘मला दोन भाऊ आहेत’ अशा वाक्यांत मराठी ‘मला’ म्हणते आणि कन्नड ‘ननगे’ म्हणते. दोन्ही भाषा एकच सांगत असल्याने ‘टू मी’ने सुरुवात करण्याचा मोह दुप्पट होतो. इंग्रजीत येथे सरळ ‘आय’ येतो: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ज्यांचा व्यवहार बहुतांशी कन्नडातून चालतो, त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ‘अवरु शिक्षकरु’ हे क्रियापदाविना पूर्ण वाक्य आहे; ‘ही टीचर’ हे नाही. तेथे ‘ही इज अ टीचर’ असेच म्हणावे लागते.

नकार आणि प्रश्न यांत साहाय्यक क्रियापद हा कळीचा घटक ठरतो. आपला ‘नाही’ शेवटी येतो. इंग्रजी ‘नॉट’ साहाय्यक क्रियापदानंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी बसतो. साहाय्यक नसेल तर ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आणावे लागते, आणि काळाचा भार मग तेच वाहते. ‘आय डिड नॉट वेंट’ चुकते, कारण भूतकाळ ‘डिड’मध्ये आलेला असून पुढे मूळ रूप ‘गो’ पुरेसे आहे. प्रश्नात हेच साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी उडी घेते: ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ मात्र हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ती उडी रद्द होते आणि ‘आय नो व्हेअर यू लिव्ह’ असा साधा क्रम परत येतो. इंग्रजी माध्यमात शिकलेलेही येथे घसरतात, म्हणून यासाठी स्वतंत्र सराव हवा.

‘काल आलेला मुलगा’ या रचनेत वर्णन नामाच्या आधी येते, कन्नड ‘निन्ने बंद हुडुग’मध्येही तसेच. इंग्रजीत लहान विशेषण आधी राहते, पण क्रिया असलेले वर्णन नामाच्या मागे जाते: ‘द बॉय हू केम यस्टरडे’. ‘जो मुलगा काल आला, तो’ या आपल्या जोडरचनेतील ‘तो’ही तेथे गळतो, ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय कझिन’ यातील ‘ही’ काढून टाकावा.

सरावासाठी मराठी वृत्तपत्रातील स्थानिक बातमीची चार-पाच वाक्ये रोज घ्यावीत. मथळे घेऊ नयेत, कारण त्यांत क्रियापद पुष्कळदा गाळलेले असते. प्रत्येक वाक्यातील क्रियापदाखाली दुहेरी आणि कर्त्याखाली एकेरी रेघ ओढावी. कर्ता दिसत नसेल तर तो समासात लिहून घ्यावा, आणि त्यानंतरच इंग्रजी वाक्य लिहायला घ्यावे. लांब वाक्यात दोन-तीन क्रियापदे सापडली, तर आरंभी त्याची तितकीच छोटी वाक्ये करावीत. ती बिनचूक जमू लागली की मग ‘अँड’, ‘बिकॉज’ किंवा ‘हू’ वापरून जोडायला सुरुवात करावी.