ऊती ओळखताना या चुका टाळा

ऊती म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींचा समूह. अभिस्तर (पृष्ठभाग झाकणारी), संयोजी (जोडणारी, आधार देणारी), स्नायू आणि चेता (मज्जासंस्थेची). प्राण्यांत प्रकार चारच, तरी सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड आली की गोंधळ ठरलेला.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते केंद्रकांच्या रांगा मोजून थर ठरवणाऱ्यांवर. एका प्रात्यक्षिक परीक्षेत श्वासनलिकेची स्लाइड ठेवली होती. एका हुशार मुलाने आल्याआल्या मोठं भिंग लावलं, केंद्रकं वरखाली दिसली, ‘स्तरित’ (अनेक थरांची) लिहिलं आणि पेपर देऊन मोकळा! तोंडी परीक्षेत विचारलं तर म्हणे, “सर, तीन रांगा स्पष्ट दिसतात.” दिसतातच. पण तिथली प्रत्येक पेशी खाली आधारपटलावर, म्हणजे अभिस्तराच्या तळाच्या पातळ पडद्यावर, टेकलेली असते. उंची कमीजास्त, म्हणून केंद्रकं वेगवेगळ्या पातळीवर. थर एकच, नाव आभासी स्तरित. छेद तिरका गेला असेल तर साधा एकस्तरही असाच फसवतो.

मी आधी लहान भिंगाखाली मोकळी कड शोधतो, तिथून आधारपटलापर्यंत उतरतो आणि छेद सरळ गेलेली जागा मिळेपर्यंत स्लाइड सरकवतो. नाव सगळ्यात शेवटी. अभिस्तर खरंच स्तरित निघाला, तर आकार वरच्या थराचा सांगायचा. त्वचेच्या तळाच्या पेशी उभट असतात, तरी ती स्तरित पट्टकीच (पट्टकी म्हणजे चपट्या पेशींची).

दुसरं दुखणं रक्ताचं. पातळ आहे म्हणून ‘ही ऊती कशी?’ आणि मग उत्तरात ते गाळायचं. पेशी सुट्या आणि मधे भरपूर आधारद्रव्य (पेशींमधली जागा भरणारा पदार्थ), ही संयोजी ऊतीची खूण. रक्तात ते काम प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा द्रव भाग, करतो, आणि तो साधारण 55 टक्के असतो. चरबीत मात्र पेशी खेटून असतात, तरी ती संयोजीच. एका ओळीचे पाठांतराचे तक्ते नेमके इथेच तोंडघशी पाडतात.

स्नायूत पट्टे दिसले की ‘ऐच्छिक’ (आपल्या इच्छेने हलणारा) लिहू नका. हृदयाच्या स्नायूलाही पट्टे असतात, आणि तो इच्छेने चालत नाही.

नेहमीच्या रंगद्रव्यांत स्नायू आणि स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) दोन्ही गुलाबी दिसतात, तेव्हा रंगावर जाऊ नका. स्नायुरज्जूत तंतूंच्या मधे बारीक, चपट्या केंद्रकांच्या ओळी असतात. कंकाल (हाडांना जोडलेल्या) स्नायूत केंद्रकं तंतूच्या आत, कडेला.

चेता ऊतीच्या आकृतीत फक्त चेतापेशी काढून थांबता? त्यांना आधार देणाऱ्या आधारपेशीही काढा, गुण त्यांनाही असतात.