फेंडरवरचा गंज पुन्हा पुन्हा फुगून येतोय? माझा अनुभव

गाडी 14 वर्षांची हॅचबॅक, रोज कोथरूड ते हडपसर. डाव्या पुढच्या फेंडरवर (चाकावरचा पत्रा), चाकाच्या मागे खालच्या बाजूला, रंगाखाली फोड.

आधी घासून टचअप मारला. मग गॅरेजात लांबी (पुट्टी) भरून रंग. दोन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात फोड हजर. वैताग आला.

शेवटी चाक काढून आतलं प्लास्टिकचं लायनर उघडलं, तर आत मूठभर ओला चिखल! गंज आतून बाहेर येत होता. मी बाहेरून रंगरंगोटी करत बसलो होतो.

चिखल काढून, धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. आतून-बाहेरून वायर ब्रश, मग 80 नंबरचा सँडपेपर, पत्रा चकाकेपर्यंत. खड्ड्यांतल्या काळ्या ठिपक्यांवर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावलं, ते सुकण्याआधीच पाण्याने धुतलं आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवलं (बायकोचा, न विचारता). आम्ल राहिलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा, ओल रोखणारा थर) धरत नाही. थिनरने पुसून दोन्ही बाजूंनी या प्रायमरचे दोन हात. लांबी प्रायमरवरच, तीही पातळ. थेट पत्र्यावर लावली तर ती ओल शोषते. 320, मग 600 चा पेपर, रंग, क्लिअर कोट. आठवड्याने आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण), पण तळाची पाणी निचऱ्याची फट मोकळी ठेवून.

पेपर, प्रायमर पुण्यात नाना पेठेत मिळाले. पत्र्याला भोक पडलं असेल तर हे करू नका, तुकडा वेल्ड करा किंवा फेंडरच बदला. तो बोल्टने बसवलेला असतो.

दोन पावसाळे झाले, फोड नाही.