येमेनचा इतिहास वाचायचा तर असा वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनो, आधी नकाशात दक्षिण येमेनचं एडन बंदर शोधा, १८३९ला इंग्रजांनी घेतलं आणि कितीतरी वर्षं आपल्या बेळगावासारखंच मुंबई इलाख्यात ठेवलं बघा. मग वहीत उत्तर-दक्षिण असे दोन रकाने पाडा, नाहीतर सगळा घोळ होतोय. उत्तरेत २६ सप्टेंबर १९६२ला इमामाची, म्हंजे तिथल्या राजाची गादी उलथली, प्रजासत्ताकवाल्यांसाठी इजिप्तचा अध्यक्ष नासरनं आपली फौज धाडली, इमामाच्या माणसांना सौदीनं पैसा-हत्यारं पुरवली. दक्षिणेत १९६३ला रदफानच्या डोंगरात उठाव, ३० नोव्हेंबर १९६७ला इंग्रज गेले, पण एनएलएफ आणि फ्लोसी हे दोन राष्ट्रवादी गट आपसातबी लढले, हे लई जण गाळतात, तुम्ही लाल पेनानं लिहा. दोन्ही येमेनचं १९९०चं एकीकरण त्यानंतरच घ्या.