मंगळाचा रोव्हर उतरवताय? आधी दोरीचं बघा

रोव्हर म्हणजे मंगळावर फिरणारा यंत्र-गाडा. प्रदर्शनासाठी त्याचं मॉडेल करताना लागणारा पुठ्ठा, फेविकॉल, बाटलीची झाकणं यांचं सांगत बसत नाही. चाकं सहा लावा, चार नकोत. मला सांगायचंय ते दोरीचं.

गेल्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमचा रोव्हर झकास उतरला. वर थर्माकोलची क्रेन, तिला नायलॉन दोऱ्यांनी टांगलेला रोव्हर, सगळं कप्पीवरून सावकाश सोडलं. टाळ्या पडल्या. मग पोरानं क्रेन वर ओढली, तर रोव्हरही तिच्यासंगं वर! मागनं कोणतरी ओरडलं, ‘परत निघाला की!’ दोऱ्या कापायची सोयच केली नव्हती आम्ही.

नासाचा खरा रोव्हर पर्सिव्हरन्स १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरला (आपल्याकडं १९ ची पहाट), तेव्हा १,०२५ किलोचा तो गाडा रॉकेटवर तरंगणाऱ्या क्रेनखाली सुमारे २१ फूट दोऱ्यांवर लोंबत होता. चाकं टेकली, दोऱ्या कापल्या गेल्या, क्रेन लांब जाऊन आपटली. कापणं हाच तर खेळ आहे! म्हणून प्रत्येक दोरीला बारीक नायक्रोम तारेचा (हीटरमध्ये असते तसली) वेढा द्या, बटण दाबलं की तार तापून नायलॉन वितळतं. सुती दोरा नको, नुसता धुमसत बसतो. आणि दोऱ्या तीनच नाहीत, वीज-संदेशाची केबल चौथी. यंदाच्या सरावात तीन तुटल्या आणि चौथीनं घोळ घातला. चौथी, चौथी, चौथी! बॅटरी नवीन घ्या, आदल्या रात्री दहादा कापून बघा.

पॅराशूट छत्रीच्या कापडाचं चालेल. ‘मग क्रेन कशाला?’ असं पाहुणे विचारणारच. तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ, साडेएकवीस मीटरचं पॅराशूट उघडूनही वेग ताशी ३२० किलोमीटरच्या आसपास राहतो, पुढचं काम क्रेनवरच्या रॉकेटचं. हे पोरांकडनं घोटून घ्या. मंगळयान उतरलं नव्हतं, नुसतं घिरट्या घालत होतं, हेही. मागच्या खेपेला आमच्याच एका पोरानं ते उतरवून टाकलं होतं.

माती बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडची तांबडी आणा, चाळून, वाळवून. पर्सिव्हरन्स उतरला त्या दिवशी मंगळावरनं संदेश यायला ११ मिनिटं २२ सेकंद लागत होती. ते पाटीवर लिहा, तेवढं थांबवू नका कुणाला, पाहुणे उठून जातील. फलक मराठी-कन्नड दोन्हीत. पंखा बंद. टेबलाखाली पोत्याचा तुकडा. दोऱ्या जास्तीच्या न्या, प्रत्येक खेळाला नव्या बांधाव्या लागतात. बाकी हार-नारळ मुख्याध्यापक बघतील.