लिंगाला वाक आलाय, गाठ लागतेय? पेरोनीज आजारात या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गप्प बसणं. पन्नाशीतला माणूस, बरेचदा शुगरवाला, एक दिवस लक्षात येतं की ताठर झाल्यावर लिंग एका बाजूला वाकतंय, दुखतंय, हात लावला तर कातडीखाली कडक गाठ लागतेय, लांबी पण कमी झाल्यासारखी वाटतेय. मग सहा-आठ महिने कुणाला काही सांगायचं नाही, रात्री मोबाईलवर शोधत बसायचं आणि कॅन्सरच्या भीतीने झोप उडवून घ्यायची. पेरोनीजची गाठ कॅन्सरची नसते, आणि हा कुणाकडून लागणारा गुप्तरोगही नाही. पण गाठ नक्की कसली आहे ते युरॉलॉजिस्टने (लघवी-लिंगाच्या तज्ज्ञ डॉक्टरने) हाताने तपासून सांगायचं असतं, आपण घरी बसून ठरवायचं नसतं.

होतं काय, तर लिंगाच्या आत रक्त भरून फुगणाऱ्या ज्या नळ्या असतात त्यांच्यावरच्या मजबूत आवरणात जखमेच्या वणासारखा चट्टा धरतो. सायकलच्या ट्यूबवर पंक्चरचा जाड पॅच असला की हवा भरताना तेवढी जागा ताणत नाही, तसंच. बहुतेक वेळा संबंधांच्या वेळी बसलेले छोटे मार कारण असावेत असं मानतात, ते आठवतही नाहीत. फ्रान्सच्या पंधराव्या लुईचा सर्जन पेरोनी याने १७४३ मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून हे नाव. लहानपणापासून थोडा वाक असेल तर तो हा आजार नव्हे.

आता खरी गोम. या आजाराचे दोन टप्पे असतात आणि लोक नेमकी उलटी घाई करतात. पहिल्या टप्प्यात दुखतं, वाक बदलत राहतो, हे साधारण सहा ते अठरा महिने चालतं. तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं, दुखण्याच्या गोळ्या, ताण देणारं ट्रॅक्शनचं यंत्र वगैरे गोष्टी याच काळात सुरू करता येतात. पण तेव्हा माणूस लाजतो, आणि एकदा धीर झाला की थेट म्हणतो ऑपरेशन करून टाका! वाक किमान तीन ते सहा महिने जसाच्या तसा राहिल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत, नाहीतर नंतर परत वाकतं.

मधल्या काळातले उद्योग तर विचारू नका. एसटी स्टँडच्या भिंतीवरची तेलं, व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल (अमेरिकन युरॉलॉजिस्ट संघटनेच्या गाइडलाइनमध्ये ते देऊ नका असंच म्हटलंय), शॉकवेव्हची (बाहेरून यंत्राने लहरींचे झटके देण्याची) महागडी पॅकेजं. शॉकवेव्हने दुखणं कमी होऊ शकतं, वाक सरळ होत नाही, हे पॅकेज विकणारा सांगेलच असं नाही. आणि हाताने दाबून सरळ करायला तर अजिबात जाऊ नका. कट् आवाज आला, ताठरता लगेच गेली, सूज येऊन काळंनिळं पडलं तर ती इमर्जन्सी आहे, तडक हॉस्पिटल गाठा.

ओपीडीत ताठरता नसते, मग डॉक्टरला वाक दिसणार कसा? घरी ताठर असताना वरून आणि बाजूने फोटो काढून न्या (आणि फॅमिली ग्रुपवर जाणार नाही एवढं बघा). तळहातात गाठी असतील, बोट आत ओढलं जात असेल तर तेही सांगा, दोन्हींचा संबंध असतो. ताठरतेची गोळी स्वतःहून घेऊ नका, हृदयासाठी नायट्रेट प्रकारचं औषध चालू असेल तर जिवावर बेतू शकतं.

वाक ३० अंशांच्या वर असेल तर चट्ट्यात कोलॅजिनेजचं (चट्ट्यातले कडक धागे तोडणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देतात, अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्याने वाक कमी होतो, पूर्ण सरळ होईलच असं नाही. वाक थोडा असेल, संबंध नीट होत असतील, दुखत नसेल तर काहीच न करणं हाही पर्याय आहे बरं का. ऑपरेशनमध्ये वाकाच्या विरुद्ध बाजूला टाके घेऊन सरळ करतात, त्यात लांबी थोडी कमी होते. वाक जास्त असेल तर चट्टा कापून तिथे ग्राफ्ट (ठिगळ) लावतात, पण नंतर ताठरता कमी होण्याची जोखीम असते. गोळीनेही ताठरता येत नसेल तर इम्प्लांट, म्हणजे लिंगाच्या आत बसवायचं कृत्रिम साधन. लांबीबद्दल डॉक्टरला टेबलावर झोपण्याआधी विचारा, आणि नंतर काही आठवडे संबंध बंद राहणार हे बायकोलाही आधीच सांगून ठेवा.