ओळखा पाहू कोण? कठीण खूण आधी द्या

प्रसिद्ध व्यक्ती ओळखायच्या खेळात मोठी माणसं पहिल्याच खुणेला नाव सांगून मोकळी होतात आणि पोरं हिरमुसतात. नागपूरच्या उन्हात दुपारभर कूलरसमोर खेळताना आम्हाला हा उपाय सापडला:

१. चिठ्ठीवर चार खुणा लिहा, कठीण आधी, सोपी शेवटी.
२. पहिल्या खुणेला ४ गुण, मग ३, २, १.
३. एका खुणेला प्रत्येक गटाचा एकच अंदाज.

आमची चिठ्ठी: जन्म २००५. जॉर्जिया देशातल्या बटुमीत मोठी स्पर्धा जिंकली. खेळ ६४ घरांचा. २०२५ची महिला विश्वचषक विजेती, आपल्या नागपूरची. बुद्धिबळपटू दिव्या देशमुख! तिसऱ्या खुणेलाच धाकट्यांचे हात वर गेले, फार बरं वाटलं.

सालं मात्र आधी तपासा; खूण चुकली की भांडण ठरलेलं.